बातमी वार्ताहराची, चूक डेस्कची

जुलैचा शेवट होता. भंडाऱ्याकडच्या एका वार्ताहराने बातमी पाठवली: पाऊस नाही, धानाची रोवणी थांबली, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला लागले. मी पेपरच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासणाऱ्या टेबलावर, नवा होतो. गाव दर्यापूरकडचं, म्हणजे कपाशीच्या मुलखातला माणूस. धान ताटात पाहिलेलं, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नाही. 'रोवणी' हा शब्द मला कच्चा वाटला. शाळेच्या पुस्तकात भाताची 'लावणी' होती, म्हणून मी तो सुधारला आणि ऐटीत मथळा दिला, 'पावसाअभावी लावणी रखडली'. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन आला. 'सायेब, लावणी रखडली मनता, पन आमच्या गावात तमाशा आलाच कवा जी?'

मला हसू आलं, वार्ताहराला आलं नाही. बातमीवर नाव त्याचं होतं आणि आठवडाभर चहाच्या टपरीवर लोकांनी त्यालाच छळलं. शब्द बदलणारा मी कुठेच दिसत नव्हतो.

संपादनाचं काम असं असतं. तुमचं नाव छापून येत नाही, पण दुसऱ्याच्या नावावर तुमची चूक छापून येते. गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी वाढलेल्या, आता जिल्हा आवृत्तीत, साप्ताहिकात, आकाशवाणीवर किंवा स्थानिक प्रकाशकाकडे हे काम करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी पुढचं लिहितो आहे. गाव माहीत असणं हे तुमचं भांडवल आहे. ते वापरायचं कसं, एवढंच शिकायचं आहे.

आधी काम नेमकं काय, ते समजून घ्या

पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं. बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी त्या संपादकाची. दीडशे वर्षांहून जुना १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा नोंदणी कायदा आला, तरी ही जबाबदारी कायम आहे. तुम्ही तो संपादक होणार नाही, निदान पहिली पंधरा वर्षं. तुम्ही होणार उपसंपादक, म्हणजे डेस्कवरचा माणूस.

दुपारी तीन-चारला ऑफिसात यायचं. तोवर तालुक्यातालुक्यांतून व्हॉट्सॲपवर आणि मेलवर मजकूर पडलेला असतो. त्यातून निवडायचं, कापायचं, नीट लिहायचं, मथळा द्यायचा, फोटोओळ लिहायची, पान लावणाऱ्याशेजारी बसून पान बसवायचं आणि ठरल्या वेळेला छपाईला सोडायचं. लांबच्या तालुक्यांची आवृत्ती आधी सुटते. सिरोंचा गडचिरोलीपासूनच दोनशे किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे तिकडच्या पानाला रात्री अकराची बातमी मिळत नाही. साडेआठला पान बंद म्हणजे बंद. आपल्या आवृत्तीची गाडी किती वाजता निघते आणि कोणत्या रस्त्याने जाते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

पहिली पायरी: गावांची वही करा

हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच आपटतो. विदर्भात जुळ्या नावांचा सुकाळ आहे. कारंजा म्हटलं की विचारा, लाड की घाडगे? एक वाशीम जिल्ह्यात, दुसरं वर्ध्यात. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार दोन्ही अमरावतीत. अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी दोन्ही गोंदियात. मारेगाव यवतमाळात, मालेगाव वाशीममध्ये, आणि नुसतं मालेगाव लिहिलंत तर वाचक नाशिककडे पोहोचतो. आर्वी वर्ध्यात, आर्णी यवतमाळात. वरूड अमरावतीत, वरोरा चंद्रपुरात. शेगाव म्हणजे गजानन महाराजांचं शेगाव, असं समजून वरोरा तालुक्यातल्या शेगाव (बु.) ची चोरी मी बुलढाण्याच्या पानावर जाताना पाहिली आहे. देसाईगंज आणि वडसा मात्र एकच गाव. तालुक्याचं नाव पहिलं, रेल्वे स्टेशनचं दुसरं. दोन्ही नावं एकाच बातमीत आली की परका वाचक दोन गावं समजतो.

बु. आणि खु. कधीही गाळू नका. बुद्रुक आणि खुर्द यांच्यात नदी, ग्रामपंचायत आणि कधीकधी तीन पिढ्यांचं भांडण असतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावाचा तर वेगळा परिच्छेद हवा. 'मूल बंद', 'मूल येथे मूल बेपत्ता', 'बिबट्याच्या हल्ल्यात मूलची महिला जखमी' असल्या मथळ्यांनी डेस्कवर करमणूक होते, पण वाचक दोनदा वाचतो आणि पान उलटतो. अशा वेळी 'मूल तालुका' किंवा 'मूल शहर' लिहा.

गावांनंतर आडनावं. वऱ्हाडात वानखडे असतात. पुण्या-मुंबईहून आलेलं सॉफ्टवेअर आणि तिथून आलेला उपसंपादक, दोघंही ते 'वानखेडे' करतात. मेश्राम आणि मसराम ही वेगळी आडनावं आहेत. मरण पावलेल्या माणसाचं आडनाव चुकलं तर घरचे लोक तो अंक जपून ठेवू शकत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्तीने ते भरून निघत नाही. शंका आली की वार्ताहराला फोन करा, रात्री दहा वाजले असले तरी. तो वैतागेल, पण आडनाव बरोबर सांगेल.

ही वही कागदाचीच ठेवा. मोबाइल चार्जिंगला असतो तेव्हाच नेमकं गाव अडतं.

दुसरी पायरी: बोलीतला शब्द कुठे ठेवायचा, कुठे बदलायचा

नियम सोपा आहे. जो शब्द त्या पानाचा वाचक रोज वापरतो आणि ज्याला तितकाच नेमका दुसरा शब्द नाही, तो ठेवायचा. धानपट्ट्यातल्या पानावर रोवणी, पऱ्हे, बांधी, मामा तलाव. कपाशीच्या पट्ट्यात पऱ्हाटी (कपाशीचं झाड), वेचणी, बोंडअळी, धुरा (शेताचा बांध). पान सगळ्या महाराष्ट्रात जाणार असेल तर पहिल्या वापरात चार शब्दांत उलगडा करा: 'मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले तलाव'. एवढं पुरतं.

बोलीतला माणूस बोलीत बोलला असेल तर अवतरणात तसंच राहू द्या, पण गंमत म्हणून नको. शेतकऱ्याचं वाक्य वऱ्हाडीत आणि तहसीलदाराचं प्रमाण मराठीत, असं एकाच बातमीत केलंत तर तुम्ही नकळत एकाला अडाणी ठरवलेलं असतं. तहसीलदारही घरी वऱ्हाडीच बोलतात.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम हाताशी ठेवा. १४ नियम १९६२ चे, ४ नंतर १९७२ मध्ये आले. सगळे पाठ करण्याची गरज नाही, रोज लागणारे पाच-सहाच आहेत. निवडणूक, पण निवडणुकीत. गरीब, पण गरिबाला. कवी, पण कविसंमेलन. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ. राहणे, पाहणे, वाहणे, राहाणे नाही. बुलढाणा की बुलडाणा, वाशीम की वाशिम, पोलीस की पोलिस, याला प्रत्येक कार्यालयाची आपली पद्धत असते. ती विचारा आणि पाळा. तुमचं मत बरोबर असलं तरी एकाच पानावर दोन वाशीम नकोत.

फाँटचं दुखणं वेगळं. जुना मजकूर श्री-लिपीत, वार्ताहराचा युनिकोडमध्ये, पानाचं सॉफ्टवेअर तिसरंच. रूपांतर केलं की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या' फुटतो, 'ॲ' गायब होतो. रूपांतरानंतर मजकूर पुन्हा वाचलाच पाहिजे, विशेषतः 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द, कारण तो आपल्याकडे प्रत्येक पानावर असतो.

तिसरी पायरी: आकड्यांशी मैत्री

भाषेची आवड असलेली मुलं आकडे बघून पुढे सरकतात. नेमकी तिथेच बातमी चुकते.

तलाठ्याच्या कागदावर '१.२० हे. आर.' असतं. याचा अर्थ १ हेक्टर २० आर. एका हेक्टरमध्ये १०० आर, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. तेव्हा ही जमीन झाली जवळजवळ तीन एकर. वार्ताहर घाईत '१.२० एकर' लिहितो, तुम्ही तसंच सोडता, आणि तीन एकरांच्या नुकसानीचा शेतकरी पेपरात सव्वा एकराचा होतो.

पाण्याचं तर याहून नाजूक. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात विसर्गाची पत्रकं येतात, त्यांत कधी क्युमेक (सेकंदाला घनमीटर) असतं, कधी क्युसेक (सेकंदाला घनफूट). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. म्हणजे ५,००० क्युमेक हा आकडा क्युसेकमध्ये पावणेदोन लाखांच्या वर जातो. शब्दातलं एक अक्षर चुकलं की पूर पस्तीसपट लहान होतो, किंवा तितकाच मोठा. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी आणि वडशाकडची गावं पाण्यात गेली होती. अशा वेळी खालच्या अंगाच्या गावातला माणूस तुमची ओळ वाचून गुरं सोडायची की नाही ते ठरवतो. पत्रकात एकक नसेल तर पाटबंधारे विभागाला फोन करा, अंदाज बांधू नका. जलसाठा 'दलघमी'त असेल तर पहिल्यांदा 'दशलक्ष घनमीटर' असं पूर्ण लिहा.

मला विचाराल तर टक्क्यांपेक्षा गावाला कळणारं माप बरं. 'विसर्गात ४० टक्के वाढ' यापेक्षा 'काल अकरा दरवाजे उघडे होते, आज सगळे तेहेतीस' हे कोणालाही समजतं.

चौथी पायरी: कापायचं कसं

वार्ताहराकडून साधारण असं येतं:

'तालुक्यातील मौजा अमुक येथील रहिवासी असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या शेतशिवारात काल सायंकाळच्या सुमारास अचानकपणे वीज कोसळून त्यांच्या मालकीची बैलजोडी जागीच ठार झाल्याची हृदयद्रावक घटना घडली असून परिसरात हळहळ व्यक्त करण्यात येत आहे.'

आता स्वतःला विचारा, यात बातमी कुठे आहे? 'घटना घडली' काढा, 'हृदयद्रावक' काढा, हळहळ काढा. राहतं ते एवढं: वीज पडली, बैलजोडी मेली. मग फोन उचला. पेरणी झाली होती का? जोडी कितीची? तलाठी आला का? उत्तरं मिळाली की बातमी अशी होते:

'पेरणी दोन दिवसांवर असताना वीज पडून अमुक येथील शेतकऱ्याची बैलजोडी दगावली. जोडी त्यांनी मार्चमध्ये उसनवारीवर घेतली होती. तलाठ्याने रविवारी पंचनामा केला.'

शब्द कमी झाले, बातमी वाढली. मथळ्यालाही आता 'पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली' असं धरायला काहीतरी आहे.

सत्काराच्या बातम्यांचा शेवटचा परिच्छेद, 'यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले' वाला, मोठ्या शहरातले डेस्क डोळे मिटून कापतात. मी कापत नाही, निदान पूर्ण नाही. मंचावरच्या सात पुढाऱ्यांची नावं दोनवर आणतो आणि बचत गटाच्या बायांची नावं ठेवतो. पुढाऱ्याचं नाव उद्याही येणार आहे. त्या बाईचं नाव पेपरात पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. कोणी याला धंद्याचं गणित म्हणेल, कारण त्या दिवशी त्या गावात चार अंक जास्त खपतात. असेलही.

वाघ-बिबट्याच्या बातमीत मात्र हात आखडता ठेवा. मोहफूल वेचायला गेलेल्या माणसावर हल्ला झाला की वार्ताहर 'नरभक्षक वाघ' लिहून मोकळा होतो. प्राणी कोणता होता, हे वनविभागाने सांगेपर्यंत 'वन्यप्राण्याचा हल्ला' एवढंच.

पाचवी पायरी: जिथे कायदा आणि माणुसकी दोन्ही आड येतात

अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीच देता येत नाही. शहरात नाव गाळलं की बरंच भागतं. दोनशे घरांच्या गावात नाव गाळून उपयोग नाही. 'गावातील किराणा दुकानदाराची सातवीतली मुलगी' एवढं लिहिलं की सगळ्यांना कळलं. म्हणून गावाचं नावही काढा, तालुका ठेवा. आरोपी नातेवाईक असेल तर त्याच्या नावानेही मुलगी ओळखली जाते, तेही काढावं लागतं. बलात्कार पीडित प्रौढ स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळखही बाल न्याय कायद्याने झाकलेली आहे. वार्ताहराने फोटो पाठवला म्हणून लावला, ही सबब चालत नाही.

आणि आत्महत्या. यवतमाळ, अमरावती, बुलढाण्याच्या डेस्कवर बसाल तर ही बातमी तुमच्यासमोर येणारच, आणि सवय होईल. सवय झाली की मथळे साच्यातून निघायला लागतात, तेव्हा सावध व्हा. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: बातमी ठळक जागी नको, मथळ्यात सनसनाटी नको, पद्धत आणि जागेचं वर्णन नको, फोटो आणि चिठ्ठी नको, एकच सोपं कारण चिकटवू नका. मी याला एक जोड देतो. 'कर्जाला कंटाळून' हे आपल्या मनाने लिहू नका. कुटुंब म्हणत असेल तर 'कुटुंबीयांच्या म्हणण्यानुसार' असं लिहा. शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे नंतर समिती ठरवते, आणि त्या घराला तुमच्या निष्काळजी ओळीचा त्रास होऊ शकतो. पण कर्ज होतं, नोटीस आली होती, पीक गेलं होतं, हे कागदावर असेल तर तेही दडपू नका. सांभाळून लिहिणं आणि गुळमुळीत लिहिणं यांत फरक आहे. शेवटी 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो फोन मोफत आहे.

रेडिओ आणि टीव्हीकडे जायचं असेल तर

नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली. अकोला, अमरावती, चंद्रपूर, यवतमाळलाही केंद्रं आहेत. इथे नैमित्तिक कामासाठी संपादक, अनुवादक, वृत्तनिवेदक घेतात. जाहिराती निघतात, चाचणी होते. त्या चाचणीत छापील मराठी लिहिणारी मुलं पडतात.

ऐकणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा ऐकू शकत नाही, एवढं एकच लक्षात ठेवा. कोण बोललं ते आधी, काय बोललं ते नंतर. एका वाक्यात एक गोष्ट. '१,७६,५७३' ऐवजी 'सुमारे पावणेदोन लाख'. मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द वाचून होतात, तेव्हा पाच मिनिटांच्या बातमीपत्रात तुमच्याकडे जेमतेम सहाशे शब्द आहेत. लिहिलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरला नाही तिथे तोडा. गावाच्या नावाचा उच्चार त्या गावच्या माणसाला विचारा. नकाशात उच्चार लिहिलेला नसतो.

टीव्हीत चित्र जे सांगतं ते शब्दाने सांगायचं नाही. पाण्यात बुडालेलं सोयाबीन दिसतंय, तेव्हा 'सोयाबीन पाण्यात बुडालं' म्हणू नका. किती गावांचं आणि कधीपासून, ते सांगा. खालच्या पट्टीतली चूक सगळ्यात जास्त लोक पाहतात आणि तिचा फोटो काढून ठेवतात. सामुदायिक रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण शेती, आरोग्य, बोलीतल्या गोष्टी यांचं ध्वनिसंपादन शिकायला त्याहून चांगली जागा नाही. 'ऑडॅसिटी' फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं.

पुस्तकं आणि दिवाळी अंक

पैसा कमी, सवड जास्त. प्रूफं तीनदा वाचायची, तिसऱ्यांदा शेवटच्या पानाकडून. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर द्यायचे नाहीत. नवकवींच्या कविता दुरुस्त करायला घेऊ नका. मैत्री जाते आणि कविता तशीच राहते.

शिरकाव आणि व्यवहार

नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. तिथे मराठी पत्रकारिताही शिकवली गेली आहे. प्रवेशाचं त्या-त्या वर्षी पाहून घ्या. पदवीने दार उघडतं. आत टिकायला चार गोष्टी लागतात: युनिकोड टायपिंग, पान लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरची तोंडओळख, बरं हिंदी-इंग्रजी, कारण पत्रकं तिन्ही भाषांत येतात, आणि ती गावांची वही. मुलाखतीला जाताना त्याच पेपरचं कालचं जिल्हा पान लाल पेनाने तपासून न्या. मी नोकरीसाठी आलेल्यांकडे प्रमाणपत्र कधी मागितलं नाही, तपासलेलं पान मागायचो.

एक अवघड गोष्ट कोणी आधी सांगत नाही. तालुक्यात वार्ताहर, अंकाचा एजंट आणि जाहिरात आणणारा हा अनेकदा एकच माणूस असतो. ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्याने आणली, त्याच्याविरुद्धची बातमी त्याच्याकडून येणार नाही. तुम्ही त्याला सुधारू शकत नाही, त्याचं घर त्यावर चालतं. पण त्या तालुक्यात आणखी दोन माणसं ओळखीची ठेवा, एखादा शिक्षक, एखादी आशाताई, म्हणजे न आलेली बातमीही तुम्हाला कळेल. जाहिरात बातमीच्या वेशात आली तर 'जाहिरात' हा शब्द टाकायचा आग्रह धरा. हरलात तरी आग्रह धरला होता हे चारचौघांत माहीत असू द्या.

नेमणुकीचं पत्र मागा. 'सहा महिने बघू' असं तोंडी सांगितलं तर सहा महिने कोणत्या तारखेपासून, ते मेलवर लिहून घ्या. आठवड्याची सुटी कोणत्या वारी आणि पोळ्याला कोण बसणार, हे विचारा. पोळ्याला नेहमी नवा माणूसच बसतो. मुलींनी आणि मुलांनीही एक गोष्ट रुजू व्हायच्या आधी विचारावी: पान रात्री साडेबाराला सुटलं तर घरी जायची सोय काय? कारण गावाकडची शेवटची एसटी साडेनऊला निघून गेलेली असते.